गुलाबी मुठीची सुरी व इतर स्थावर-जंगम

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, धंदा तंबू, दोर, कंदील आणि सुऱ्या विकण्याचा, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल घरात एक-दोघांना शंका असेल, म्हणून डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न आयुष्यभर एकट्या माझ्या यजमानांनी केला, त्यांना ते कधी जमले नाही, आणि आता ते हयात नाहीत.

मजकूर मी सांगितला, टाइप वकीलबाईंनी केला. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. "मावशी, असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत," असे त्या जिथे जिथे म्हणाल्या, तिथे तिथे मी ते मुद्दाम लिहायला लावले. वाचणाऱ्याने त्याबद्दल दोष मला द्यावा, त्यांना देऊ नये.

कलम एक. याआधी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. ते रागात केले होते. त्यात एका इसमाचा उल्लेख करून 'यांना काहीही देऊ नये' असे लिहिले होते आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या. तो राग खरा होता, पण तो सध्या या कामी उपयोगाचा नाही.

कलम दोन. मला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा दुकानाचा पुढचा भाग सांभाळतो. जिभेवर साखर आहे त्याच्या. त्याने विकलेल्या तंबूत पाणी शिरले तरी गिऱ्हाईक आभार मानून जाते. मुलगी पोहायला शिकवते, सुरीला हातही लावत नाही, पाव हाताने तोडते. मुलीचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, दातांच्या कवळ्या बनवतात. त्यांच्याबद्दल पुढे पुष्कळ यायचे आहे, म्हणून इथे थांबते.

कलम तीन. वरचे राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. रस्त्याकडची खोली मुलाची, कारण त्याला येणारे-जाणारे बघायला आवडते. मागची, जिची खिडकी वर्षानुवर्षे खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, ती मुलीची, कारण तिच्या खांद्यात जोर आहे. वाटणीवरून भांडू नये. भांडायचेच असेल तर जिन्यात भांडावे. तिथे आवाज घुमतो आणि दोघांनाही लवकर लाज वाटते.

कलम चार. बँकेत जे आहे तेही निम्मे निम्मे. किती आहे ते बँक सांगेल. ऐकून कोणी नाचणार नाही आणि कोणी रडणारही नाही.

कलम पाच. माझ्या धाकट्या दिरांना चार माणसांचा हिरवा तंबू देते. तो त्यांच्याकडेच आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेला तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. आता तो रीतसर त्यांचा झाला, तेव्हा त्यांनी मला रस्त्यात पाहून पलीकडच्या फुटपाथवर जाण्याचे कारण उरले नाही. खुंट्या मात्र माझ्या आहेत, त्या परत कराव्यात.

कलम सहा. दुकान. मालकी दोन्ही मुलांची, सारखी. हिशेब आणि पुढचा भाग मुलाने बघावा, तो माझ्यापेक्षा बरा बघतो. प्रश्न मागच्या खोलीतल्या टेबलाचा आहे.

हे टेबल काय ते माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आमच्या दुकानात सुरी काउंटरवरून विकली जात नाही. गिऱ्हाइकाने पुढे सुरी पसंत केली की त्याला मागे आणायचे. टेबलावर साबणाच्या पाण्याचे घमेले असते. त्याने हात बुडवायचे, डोळे मिटायचे आणि सुरी मुठीत धरून फिरवायची. घसरली तर ती सुरी त्याची नाही. मग एक जाड काठी घ्यायची, तिच्या टोकाला पातळ पातळ वळ्या सोलायच्या, त्या काठीला चिकटून राहिल्या पाहिजेत, ओल्या दिवसांत शेकोटी त्यानेच पेटते. मग सुरी लाकडावर ठेवून तिच्या पाठीवर दांडक्याने हाणायचे आणि लाकूड चिरायचे. शेवटी सुरी म्यानात घालून म्यान उलटे करायचे आणि झटकायचे, सुरी पडता कामा नये. एवढे झाल्यावरच कागदात गुंडाळायची. लग्नाची बोलणीसुद्धा इतकी लांबत नाहीत, असे म्हणून कित्येक जण निघून गेले. जे थांबले त्यांची नातवंडे आता येतात.

चिरंजिवांना हे टेबल नको आहे. त्या जागी त्याला काचेचे कपाट हवे आहे, आत दिवा असलेले. त्याला पाठीला करवतीचे दात आणि पोकळ मुठीत होकायंत्र असलेल्या सुऱ्या विकायच्या आहेत. असली एक सुरी मी त्याच्यासमोर टेबलावर घेतली. दुसऱ्या दणक्याला पाते एकीकडे आणि मूठ दुसरीकडे गेली. होकायंत्र मात्र शाबूत होते. त्यावर तो म्हणाला, "आई, लोक लाकूड फोडायला घेतच नाहीत गं. भिंतीवर लावायला घेतात." तो खोटे बोलत नव्हता, त्याचेच मला वाईट वाटले.

म्हणून आमच्या घरात एक रीत आहे आणि ती दोन्ही मुलांना मान्य आहे: माझी स्वतःची सुरी ज्याच्याकडे, त्याचा मागच्या टेबलावर शब्द. टेबल राहणार की जाणार, फळीवर कोणती सुरी ठेवायची, कोणती परत पाठवायची, हे तो ठरवणार. तेव्हा माझी सुरी कोणाला मिळते याकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत. ते कलम नववे. वकीलबाईंनी ते तीनदा टाइप केले आणि मी तीनदा फाडले.

कलम सात. ज्यांना माझी सुरी मिळणार नाही त्यांना मी रिकाम्या हाताने पाठवत नाही. त्यांना निवड देते. पुढचे शब्द दुकानात भिंतीवर लावले तरी माझी हरकत नाही.

रानात न्यायची सुरी मिटणारी नसावी. घडीचा चाकू खिशात चांगला, पण जिथे घडी असते तिथेच तो कधीतरी दगा देतो. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे. नुसते बोटभर आत खोचलेले असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे. पाते तळहाताच्या रुंदीहून थोडे लांब, बस. त्याहून मोठे घेणारा माणूस रानाला नाही, मित्रांना भीत असतो. फार जाड पाते कुऱ्हाडीची हौस भागवते, पण बटाटा चिरत नाही, फोडते. धार साधी असावी, दाते नसावेत. दात्यांना धार लावायची वेळ येते तेव्हा माणूस देवाला आठवतो. पाठीच्या कडा काटकोनी हव्यात. ठिणगीच्या कांडीवर पाठ ओढली की ठिणग्या पडतात, त्या कडेमुळे पडतात. पोलाद साधे की स्टेनलेस, यावर आमच्या घरात जेवणे थंड झाली आहेत. माझे मत असे: रोज पुसायची आणि तेलाचे बोट लावायची सवय असेल तर साधे घ्यावे, धार पटकन लागते. समुद्राकाठी राहणाऱ्याने आणि आळशी माणसाने स्टेनलेस घ्यावे. दोन्हीत लाज नाही.

आणि मुठीला बोटांच्या खाचा नसाव्यात. दिसायला त्या छान दिसतात, पण त्या नेहमी दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांच्या असतात.

कलम आठ. किटली. मागच्या खोलीतली, झाकण दोऱ्याने बांधलेली पत्र्याची किटली समोरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाईंना देते. त्यांचा तिच्यावर फार दिवसांपासून डोळा आहे, कारण तिच्यातला चहा त्यांच्या किटलीतल्या चहापेक्षा चांगला लागतो. (चहा मी करते म्हणून लागतो, पण हे त्यांना पटत नाही.) त्या खरे तर माझ्या साक्षीदार होणार होत्या. वकीलबाईंनी सांगितले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये. सही की किटली, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. पंचवीस वर्षांच्या शेजाराची किंमत मला तेव्हा कळली.

ही किटली साधी नाही. का नाही, ते नवव्या कलमात येईल.

कलम नऊ. सुरी.

मी तरुणपणी लोखंडी सामानाच्या दुकानात काउंटरवर होते. खिळे, बिजागऱ्या, कड्या. मालकांकडे नमुन्याला आलेल्या सुऱ्यांचे एक खोके पडून होते. जेवणाच्या सुट्टीत डबा धुऊन मी आले आणि ओल्या हातांनीच त्या एकेक उचलून पाहू लागले. सगळ्या हातात फिरल्या, एक फिरली नाही. ती सगळ्यांत ओबडधोबड होती. लाकडी मूठ, काळपट पाते, नक्षी नाही, काही नाही. मालक म्हणाले, "ती घेऊ नकोस, ती कुणीच घेत नाही." मी घेतली. टेबलावरची ओल्या हातांची कसोटी तिथून आली.

पुढे आम्ही काही मंडळी तळ्याकाठी मुक्कामाला गेलो. त्यात एक ओळखीच्यांच्या ओळखीचा मुलगा होता. त्याच्याकडे घडीचा चाकू होता, त्यात बूच काढायचे, स्क्रू पिळायचे, नखे घासायचे असे सगळे होते. त्याने तो लाकडावर ठेवून वर दगड हाणला. चाकू मिटला आणि त्याचे बोट मध्ये सापडले. बोट मी बांधले आणि राहिलेले लाकूड माझ्या सुरीने फोडले. तो बसून बघत होता. म्हणाला, "ही कुठे मिळते?" मी म्हटले, "मिळत नाही. निवडावी लागते." पुढे तो माझा नवरा झाला आणि जन्मभर लोकांना सांगत राहिला की ते वाक्य मी त्याच्याबद्दल बोलले. मी सुरीबद्दलच बोलले होते.

त्याच सुरीवर आम्ही दुकान उभे केले. यजमान पुढे तंबू विकायचे, मी मागे टेबलावर. कांदे, फळे, ओले लाकूड कापून कापून पात्यावर एक करडा-निळा रंग चढला. अडाणी माणसाला तो डाग वाटतो. पोलादावर तो साय धरल्यासारखा बसतो आणि गंजाला आत येऊ देत नाही. असा रंग विकत मिळत नाही, चढायला निम्मे आयुष्य जाते.

आता जावईबापू. मुलीच्या लग्नाला वर्ष होत होते. माझी साठी आली. कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की असते: जे चकचकीत ते स्वच्छ. त्यांनी मुलीच्या हातून सुरी मागवून घेतली, आपल्या कामाच्या खोलीत कवळ्या घासायच्या चाकावर धरली आणि तिचा आरसा केला. करडा-निळा रंग गेला. पाठीच्या काटकोनी कडा जावळ काढल्यासारख्या गुळगुळीत झाल्या. मग मखमलीच्या पेटीत घालून सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. मी विचारले, "हे काय केलंत?" ते अगदी आनंदाने म्हणाले, "तोंड बघा, आई. तोंड दिसतंय." दिसत होते. ते त्या वेळी कसे होते ते तिथे हजर असलेल्यांना अजून आठवते.

पुढच्याच महिन्यात सगळे रानात मुक्कामाला गेलो आणि पाऊस लागला. काड्यापेटी भिजली. मी ठिणगीची कांडी काढली, सुरीची पाठ ओढली. घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली. एक ठिणगी पडेना. सगळ्यांनी थंड पाव खाल्ला. यजमान तंबूत तोंडावर पांघरूण घेऊन हसत होते, ते तंबूबाहेरही ऐकू येत होते. सकाळी पात्यावर तांबडा गंज चढला होता. त्या सकाळपासून मी जावईबापूंशी बोलायचे बंद केले.

बंद म्हणजे बंद. मुलगी असली की "तुझ्या नवऱ्याला विचार, चहा घेणार का." मुलगी नसली की पंचाईत. दुकान सोमवारी बंद असते आणि त्यांचीही सुट्टी सोमवारी. एका सोमवारी ते एकटेच आले, मागच्या खोलीत उभे राहिले आणि म्हणाले, "आई, पाठ परत सरळ करता येईल का? शिकवाल?" खोलीत तिसरे कोणी नव्हते. स्टोव्हवर किटली होती. मी किटलीकडे बघून म्हटले, "किटलीबाई, कानस खणात आहे. आडवी धरायची, एकाच दिशेला ढकलायची, मागे ओढायची नाही. कुणाला तरी सांगा." जावईबापूंनी किटलीकडे बघितले आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "किटलीबाई, करतो म्हणून सांगा."

तेव्हापासून ते सोमवार कधी चुकले नाहीत. पाठ काटकोनी झाली. मग दगडावर धार लावायची, ती किटलीमार्फत शिकवली. पाते किती कलते धरायचे, खालच्या अंगाला धारेचा काटा, म्हणजे पोलादाची वळलेली बारीक कड, चढला की बोटाला कसा लागतो, तो कातड्यावर कसा उतरवायचा. गेलेला रंग परत चढावा म्हणून ते आपला डबा इथेच खाऊ लागले. सफरचंद, कांदा, लिंबू, सगळे त्याच सुरीने कापायचे. फळीवर नवीन सुऱ्या आल्या की किटलीला विचारायचे, "किटलीबाई, हिचं पोलाद मुठीत कुठपर्यंत गेलंय असं वाटतं?" किटली सांगायची. बरोबर आले की किटली काही बोलायची नाही, तेच कौतुक.

यजमान शेवटी आजारी होते तेव्हा मला म्हणाले, "अगं, बोल की त्याच्याशी आता." मी म्हटले, "बोलतेच की. किटलीतून." ते हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि मला आजही वाटते की त्या माणसाला हसताना बघणे हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे सुख होते. ते गेल्यावर मी मागच्या खोलीत फार बसत असे. सोमवारी जावईबापू येऊन समोर बसत, कापत, घासत. किटलीशीही बोलत नसत. मी चहा ओतायची.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बोटांचे सांधे सुजले. एका गिऱ्हाइकाला टेबलावर दाखवत होते, साबणाचे हात, डोळे मिटलेले, आणि माझी सुरी माझ्याच हातातून निसटून घमेल्यात पडली. गिऱ्हाईक बिचारे म्हणाले, चालायचेच. पण नियम माझाच होता. ज्याच्या हातून घसरली, त्याची ती सुरी नाही. मी एप्रन काढून खुंटीला लावला आणि टेबलावर चादर घातली. मला फार वाईट वाटले, आणि ते मी कोणाला सांगितले नाही. मुलगा रात्री जेवताना प्रेमाने म्हणाला, "आई, पुष्कळ केलंस. आता आराम कर. त्या जागेचं मी बघतो." काचेच्या कपाटाचे माप त्याने आधीच घेऊन ठेवले होते.

पुढच्या सोमवारी जावईबापू आले. चादर बघितली, घमेले पालथे बघितले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, काम सोडून पुन्हा आले. खिशातून गुलाबी मेणाचा गोळा काढला, गरम पाण्यात मऊ केला आणि टेबलावर ठेवला. किटलीला म्हणाले, "किटलीबाई, आईंना म्हणावं, दुखेल इतकी नको, पण मूठ आवळा." मी आवळली. बोटे जितकी वळत होती तितकी. तो गोळा डब्यात घालून आणि सुरी घेऊन ते गेले.

सुरी परत आली तेव्हा तिची जुनी लाकडी मूठ उतरवलेली होती आणि त्या जागी कवळीच्या हिरड्यांची असते तशी गुलाबी मूठ होती. मी बघतच राहिले. ते किटलीला म्हणाले, "माझ्याकडे एवढाच रंग मिळतो." मला हसू आले ते थांबेना. माहेरी आलेली मुलगी वरून धावत आली, तिला वाटले मी पडले. मग मी घमेले सरळ केले, साबण घातला, हात बुडवले, डोळे मिटले. वाकड्या बोटांना वाकडी जागा होती. सुरी हलली नाही. काठी घेतली आणि वळ्या काढल्या, एकामागून एक, एकही तुटली नाही. डोळे उघडून पाते बघितले. करडे-निळे, जसेच्या तसे. पात्याला त्यांनी हात लावला नव्हता.

त्या क्षणी दोन शब्द बोलायला हवे होते. तोंडापर्यंत आले होते. पण चौदा वर्षांची सवय काही साधी नसते, आणि मी किटलीकडे बघून म्हटले, "चहा घ्या म्हणावं."

तेव्हा आता लिहून ठेवते. माझी सुरी, म्यान, कानस, तिन्ही दगड, कातड्याचा पट्टा, घमेले आणि मागच्या टेबलावरचा शब्द, हे सर्व माझ्या जावयांना देते. चिरंजिवांना राग येईल. थोडा येऊ द्यावा, त्याचा राग जेवणापर्यंतच टिकतो. त्याच्यासाठी समोरच्या खिडकीतली एक फळी राखून ठेवावी. तिथे त्याने होकायंत्रवाल्या सुऱ्या हव्या तशा मांडाव्यात, खाली 'शोभेच्या वस्तू' अशी पाटी लावावी आणि खुशाल विकाव्यात. टेबल मात्र हलवू नये.

मी क्षमा केली आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. क्षमा वेगळी, सुरी वेगळी.

पुरवणी, सहीच्या दिवशीची. वकीलबाई वरील मजकूर वाचून दाखवत होत्या, तेव्हा औषधवाल्या मालकीणबाई दारातच उभ्या होत्या. आठवे कलम ऐकताच त्या आत आल्या, किटली उचलली आणि म्हणाल्या, "तुम्ही काही इतक्यात जात नाही. मी कुठवर वाट बघू?" आणि घेऊन गेल्या. वकीलबाई म्हणाल्या की हे कायद्याला धरून नाही. पण तोवर मालकीणबाई रस्ता ओलांडूनही गेल्या होत्या.

वार सोमवार. थोड्या वेळाने जावईबापू आले. डबा टेबलावर ठेवला, स्टोव्हकडे बघितले, फळीवर बघितले, टेबलाखाली वाकून बघितले. किटली कुठेच नव्हती. ते माझ्याकडे बघेनात आणि मी त्यांच्याकडे. वकीलबाई कागद चाळण्याचे नाटक करत होत्या. मग मीच म्हटले, "जावईबापू, बसा. चहा आज पातेल्यात करते."

ते बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मी त्यांना नववे कलम स्वतःच सांगितले, कारण मेल्यावर दुसऱ्याने वाचून दाखवण्यात काय मजा. म्हटले, सुरी तुमची. मूठ बदलून घ्या, तुमच्या हाताला ती बसायची नाही. लाकडी मूठ तुम्हीच खणात ठेवली आहे. तुम्हाला तर मी शिकवले आहे, खाचा दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांच्या असतात.

त्यांनी सुरी उचलली आणि मुठीत धरली. माझ्या बोटांच्या खाचांत त्यांची बोटे नीट बसत नव्हती, करंगळी तर पार बाहेर राहत होती. पण ते सोडेनात.

"असू द्या, आई," ते म्हणाले. "कुणाच्या आहेत ते ठाऊक आहे ना."

याउपर मला काही सांगायचे नाही. पॉलिश करू नये, एवढेच.

वरील मजकूर वाचून, समजून, चहा घेऊन मी सही केली आहे. सही वाकडी आली आहे, बोटे आता पेनावर नीट वळत नाहीत. माझ्या पश्चात कोणी शंका काढली की हा हात माझा नव्हे, तर जावयांकडे जावे आणि सुरीच्या मुठीशी ताडून पाहावे. तिथे माझा हात जसाच्या तसा आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी, मागच्या टेबलावरची

साक्षीदार पहिले: शेजारचे सायकल दुरुस्तीवाले. यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि त्यांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली आहे.

साक्षीदार दुसऱ्या: वरच्या गल्लीतल्या टपाल वाटणाऱ्या बाई. पत्र द्यायला आल्या होत्या, त्यांना थांबवून घेतले. चहा पातेल्यातलाही चांगला होता, असे त्यांनी साक्षीत नमूद करायला सांगितले आहे.

मजकूर टाइप करणाऱ्या: वकीलबाई, आक्षेप राखून.

स्थळ: दुकानाची मागची खोली. तारीख: वर शिक्क्यात आहे ती. वार: सोमवार, दुकान बंद.